मुलांच्या हाती शास्त्र देताना

रविवारी सकाळी आपल्या मुलांना दोन ठिकाणांहून बोलावणं असतं. एक देवळातल्या संडे स्कूलचं, दुसरं क्लासचं. आठवी-नववीपासून पुढे तर संडे स्कूल मागेच पडतं. नीट, जेईई, टेस्ट सिरीज, आणि ती टेस्ट नेमकी रविवारी. आईवडील मंडळीतलेच असतात, उपासना चुकवत नाहीत, पण पोराला क्लासला सोडून मग देवळात येतात. मी त्यांना दोष देत नाही. शिक्षणाच्या जोरावर घर उभं राहतं हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलंय, त्याला मार्कांची काळजी करू नका असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण हेच आईवडील मुलगा सतरा-अठराचा झाला की पाळकसाहेबांकडे येतात आणि म्हणतात, जरा समजावून सांगा, देवाधर्माचं काही ऐकूनच घेत नाही. तोवर गोष्टी मनात मुरायचं वय निघून गेलेलं असतं.

या पुस्तकातले पाठ त्या आईवडिलांसाठी आहेत आणि रविवारच्या वर्गात उभं राहणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. सहा ते दहा वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले. ख्रिस्ती घरातल्या मुलांना ख्रिस्ती विश्वासाचं शिक्षण का द्यायचं आणि कसं द्यायचं, याविषयी मला जे मनापासून वाटतं ते पाठांकडे वळण्याआधी सांगते. विश्वास मुलाच्या हाती असा द्यावा की त्याला तो स्वतः वाचता यावा, त्याविषयी बेधडक विचारता यावं, आणि मोठेपणी त्याने तो धरला तर आपल्या मनाने धरावा. यात नवं काही नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात जे जे चांगलं घडलं ते याच वाटेने घडलं, एवढंच मी दाखवू इच्छिते.

संडे स्कूलची चळवळ फोफावली ती इंग्लंडमध्ये. 1780 साली ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी तिला चालना दिली. तिथली गरिबांची मुलं आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबत, रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी त्यांना आधी अक्षरओळख करून देत, आणि वाचनाचं पुस्तक म्हणून हाती शास्त्र देत. म्हणजे मुळात संडे स्कूल ही शाळाच होती, शाळेत जाऊ न शकणाऱ्यांची.

आपल्याकडे याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि लिहिणारा जन्माने इंग्रज. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती माणसांचा कान पुराण ऐकण्यात वाढलेला होता. जुनी पुराणं त्यांच्या हातून काढून घेतली गेली आणि त्या जागी ऐकायला काहीच नव्हतं. ती पोकळी स्टीफन्स यांनी ओळखली आणि ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली. रविवारी आणि सणासुदीला देवळातून ती वाचली जाई. त्यांनीच कोकणीत लिहिलेली ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरं त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 साली, पुस्तकरूपाने आली. पुढे त्याच गोव्यात 1684 च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने लोकांची बोली मोडून काढायचं ठरवलं. विश्वास द्यायचा आणि भाषा काढून घ्यायची, या धोरणाने नुकसान किती झालं हे गोव्याच्या भाषांचा इतिहास वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

देशावरची हकीकत वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 च्या अखेरीस मिशनचं काम नगरला सुरू झालं. 1827 साली मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार 1839 पासून नगरला राहिल्या, तिथेच त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच देह ठेवला. आज अहिल्यानगर म्हणतात त्या गावात एका परदेशी, अविवाहित बाईने मुलींना पाटी-पेन्सिल देणं किती अवघड होतं याची कल्पना आपल्याला सहज येणार नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी नगरला फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणातही फॅरारबाईंचा वाटा आहे. फुले दांपत्य ख्रिस्ती झालं नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, आपली वाट आपण शोधली. मला हे मिशनच्या शाळेचं अपयश वाटत नाही. विश्वासातून निघालेल्या शाळेने मुलाला विचार करायला शिकवलं, आणि त्याने तो केला.

नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत जे झालं त्याची नोंद पुस्तकांत कमी आणि आमच्या घरांत जास्त आहे. महारवाड्यात, मांगवाड्यात एका खोलीची शाळा असायची. तोच मास्तर दिवसा मुळाक्षरं गिरवून घ्यायचा, संध्याकाळी भजनाला बसवायचा आणि रविवारी उपासना चालवायचा. सरकारी शाळेत या मुलांना काय वागणूक मिळत होती हे समजायला 1856 चं धारवाडचं प्रकरण पुरेसं आहे. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला आणि तो नाकारला गेला. अशा काळात ज्या माणसाने पोराला जवळ बसवून 'अ' काढायला शिकवलं, त्याने शिकवलेली प्रार्थना त्या पोराच्या मनात वेगळी राहिली नाही. अक्षर आणि प्रार्थना एकाच हाताने मिळाली. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना विश्वास म्हणजे काय विचारलं असतं तर त्यांनी आधी वाचता येणं सांगितलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

नगरलाच 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला. या नियतकालिकाने 1855 साली एका लहान मुलीचा निबंध दोन भागांत छापला. मुलीचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने थेट देवालाच विचारलं, की आमचा धर्म तरी कोणता? वेद ज्यांचे आहेत ते आम्हाला शिवू देत नाहीत, मग आम्ही कुणाचे? मुक्ता ख्रिस्ती नव्हती, मिशनच्या शाळेतही नव्हती. तरीही शाळकरी पोरीचा हा सवाल छापायला जागा मिळाली ती एका ख्रिस्ती नियतकालिकात. रविवारच्या वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो निबंध एकदा शांतपणे वाचावा. आपल्या वर्गातल्या मुलाने इतका टोकदार प्रश्न विचारला तर आपण तो ऐकून घेऊ का, हे मग स्वतःला विचारावं.

याच इतिहासात दुखरी पानंही आहेत. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनमध्ये राहिला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढे त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर वादळ उठलं, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. मी ख्रिस्ती आहे आणि तरीही मला वाटतं कोर्टाने योग्य केलं. बारा वर्षांच्या मुलाचा विश्वास आईबापांच्या पाठीमागे ठरवायचा नसतो. मुलाचं मन हलकं असतं, प्रेमाने बोलणाऱ्या कुणाहीमागे ते जातं, आणि म्हणूनच शिकवणाऱ्यावर जबाबदारी दुप्पट येते.

पंडिता रमाबाईंना हे फार चांगलं कळलं होतं. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात कुणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही असं त्यांचं वचन होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. यावरून गदारोळ झाला, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही, आणि कुणाला आत ओढलंही नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे शिकली, हिंदूच राहिली आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. दुसऱ्यांची लेकरं आपल्या हवाली असताना पालकांना धास्ती वाटणं चुकीचं नव्हतं, हेही मी मान्य करते. पण ते उघडं दार मला ख्रिस्ती शिक्षणाचा सगळ्यात खरा नमुना वाटतं. मोठ्या माणसाने आपला विश्वास लपवायचा नाही, मुलासमोर तो जगायचा, आणि मुलाला येण्याची तशीच उठून जाण्याचीही मोकळीक ठेवायची. टिळकांच्या घरातही हेच दिसतं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षं स्वतःशी झगडून, एकेक गाठ सोडवत आपला निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ती वर्षं मी सांगायला नकोत.

आता वर्गाकडे येते, कारण शेवटी सगळं तिथेच ठरतं.

एका रविवारी मी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला होता. मळ्याचा धनी पहाटे माणसं लावतो, मग दुपारी लावतो, सूर्य कलताना आणखी काही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मोठ्यांच्या वर्गात या दाखल्यावर नेहमी एकच तक्रार येते: हा अन्याय आहे. मुलांमध्येही चुळबुळ झाली. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंचा मुलगा म्हणाला, तासाचे पैसे वेगळे पाहिजेत ना टीचर. मी काही बोलले नाही. मागच्या रांगेत एक मुलगी बसली होती, तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि एरवी नाक्यावर उभे राहतात. ती म्हणाली, "पण ज्याला संध्याकाळपर्यंत कुणी बोलावलं नाही, त्याच्या घरी पण जेवायला तेवढीच माणसं असतात." वर्ग गप्प झाला. मग त्या मुलाने विचारलं, तुझ्या बाबांना कधी कुणी बोलावत नाही का? ती म्हणाली, कधीकधी. त्या दिवशी मी पाठाचं तात्पर्य सांगितलं नाही, सांगायची गरजच उरली नव्हती. दोन मुलं एकमेकांच्या घराविषयी बोलत होती.

या पाठांची बांधणी त्यातूनच आली आहे. गोष्ट आधी पूर्ण सांगायची, मध्ये थांबून बोध काढायचा नाही. रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी 1954 पासून माँटेसोरी पद्धतीवर मुलांच्या धर्मशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात लहान मुलांसमोर लाकडी मेंढपाळ आणि मेंढरं ठेवतात, गोष्ट सांगतात आणि मुलाला त्या वस्तूंशी एकट्याने खेळू देतात. आपल्याकडे लाकडी संच परवडत नसेल तर चिंध्यांची मेंढरं करा, शाडूची करा, मुलांकडूनच करून घ्या. गोष्टीनंतर शिक्षकाने विचारायचे प्रश्न प्रत्येक पाठात दिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना एकच उत्तर नाही. ते मुद्दाम केलं आहे. 'बरोबर' म्हणून पाठ थोपटण्याची घाई शिक्षकांनी करू नये.

पाठांतराला मी विरोध करत नाही. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावं स्तोत्र, आठवड्याचं सुवर्णवचन, हे सगळं मुलांना तोंडपाठ हवंच. लहानपणी पाठ केलेलं दुखण्याखुपण्यात उपयोगी पडतं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून पाहिलं आहे. पण वचन पाठाच्या शेवटी ठेवलं आहे. मुलाने गोष्ट ऐकली, बोलला, भांडला, की त्या वचनाला त्याच्यापुरता काही अर्थ आलेला असतो. एरवी वर्षअखेरीच्या स्पर्धेत बक्षीस मिळतं आणि जूनमध्ये सगळं पुसलेलं असतं.

भाषेविषयी मला सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपण वेगाने हरत आहोत. आपली मुलं इंग्रजी माध्यमात जातात. घरी आजीचं पवित्र शास्त्र मराठी, मुलाला देवनागरी अडखळत येते, आणि जोडाक्षर आलं की तो पुस्तक मिटतो. मग तो देवाशी इंग्रजीत बोलतो आणि आजी मराठीत, आणि दोघांना एकमेकांच्या प्रार्थना नीट कळत नाहीत. वसईकडे गुंता आणखी मोठा आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी, देवळात प्रमाण मराठी, शाळेत इंग्रजी. ज्या धर्मग्रामांनी एकेकाळी कष्टाने मराठी शाळा उभ्या केल्या तिथेच मराठीचे वर्ग रिकामे होत आहेत. हा केवळ भाषेचा प्रश्न असता तर मी तो साहित्य संमेलनावर सोडला असता. ज्या भाषेत मूल रडतं, रुसतं, आजीला हाक मारतं, त्याच भाषेत त्याला देवाला हाक मारता यायला हवी. परक्या भाषेतली प्रार्थना लवकर शाळेच्या असेंब्लीसारखी होते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी यासाठी आयुष्यं घातली. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम तिथल्या मुली करत, ज्यांतल्या कितीतरी दुष्काळात अनाथ होऊन आल्या होत्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा ते काम पुरं होत आलेलं होतं. 'बालबोधमेवा' मुलांसाठी निघत होता आणि टिळकांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. टिळकांची भजनं आजही उपासनेत म्हटली जातात, कारण ती अभंगाच्या चालीत सहज बसतात. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एवढी शिदोरी असताना आपण मुलांना परदेशातून आलेल्या रंगीत वर्कशीटा वाटतो, ज्यांत येशू निळ्या डोळ्यांचा आणि मेंढरं बर्फात असतात. या पुस्तकातली चित्रं म्हणून वेगळी आहेत. विहीर रहाटाची आहे, आणि उधळ्या पुत्राचा बाप पडवीतून धावत निघतो.

एका गोष्टीवर काही मंडळींची नापसंती मी गृहीत धरली आहे. चांगल्या शोमरोन्याच्या पाठात जातीचा उल्लेख स्पष्ट आहे. आपल्यात एका भाकरीतून खाणारे लोक सोयरीक करताना मूळ जात विचारतात, हे मुलांना माहीत असतं. घरात बोलणी चाललेली ती ऐकत असतात. वर्गात आपण शेजाऱ्यावर प्रीती शिकवली आणि हे मात्र झाकून ठेवलं, तर मुलं कशावर विश्वास ठेवतील? शिक्षकांनी तो भाग गाळू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळांतून शिकवणाऱ्यांनाही हे पाठ वापरावेसे वाटतील. आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणे मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेत कुणाही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ही तरतूद आपल्याला अडचण वाटू नये. श्रीपत शेषाद्रीच्या वडिलांना जे कोर्टात मागावं लागलं ते इथे आधीच दिलेलं आहे. ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास वेगळा असतो, तो वेगळाच राहू द्यावा.

वर्ग जूनमध्ये सुरू करत असाल तर पहिले चार पाठ पावसाळ्याचे आहेत, पेरणारा आणि बी यांच्यापासून. आठवड्यातून एक पाठ पुरे, दोन उरकू नयेत. आईवडिलांना घरी करायचं एखादं काम प्रत्येक पाठाखाली दिलं आहे. त्यांतली बरीचशी कामं दुसऱ्या कुणाच्या घरी जाण्याची आहेत, गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजीकडे, दवाखान्यात असलेल्या ओळखीच्या माणसाकडे. मूल एकटं न पाठवता सोबत जा. प्रत्येक पाठाशेवटी अर्धं पान कोरं ठेवलं आहे, मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवण्यासाठी. शुद्धलेखन सुधारू नका, प्रश्न सौम्य करू नका. वर्ष संपलं की ती पानं आमच्याकडे पाठवा. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दुसरा भाग करायचा आहे, आणि तो आम्ही त्या प्रश्नांवरूनच लिहायला घेणार आहोत.